त्वांड माझं, बोलतीया दुसरीच

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं एक दुकान. दुपारचे तीन वाजलेले. आम्ही सातजण भोपळ्यांच्या उतरंडीशेजारी अंग चोरून बसलो होतो. पंखा बंद, मोबाइल बंद. सांगलीच्या कॉलेजातली एक मुलगी दोन्ही हातांनी बूम, म्हणजे माइकची लांब काठी, डोक्यावर धरून उभी होती आणि समोर तानपुऱ्याच्या घोडीवर कानस फिरत होती. दोनदा फिरवायची, थांबायचं, बोटानं भुसा पुसायचा, तार छेडायची, मान भोपळ्याकडं कलती करायची. मग पुन्हा कानस.

याला जवारी काढणं म्हणतात. तार घोडीच्या पाठीवर नुसती टेकून चालत नाही, ती निसटती घासत जावी लागते. पाठीचा उतार कणभर चुकला तर आवाज चरचरतो किंवा मिटून जातो. उतार जमला की तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात, तोही केसभर पुढं, केसभर मागं. हे मोजायचं यंत्र त्या दुकानात नव्हतं. कान होता.

वीसेक मिनिटांनी मुलीचे दंड थरथरायला लागले. तिनं डोळ्यांनीच विचारलं, कट करू? मी मानेनंच नको म्हटलं. गल्लीतून एक फटफटी गेली, ती विरेपर्यंत कारागीरही थांबले. त्यांनी तार छेडली आणि या वेळी आवाज तारेतून न येता खोलीतूनच उठल्यासारखा वाटला. "झाली," एवढंच म्हणाले आणि पान लावायला घेतलं. मुलीनं बूम खाली घेतला. हेडफोन काढायचं मात्र तिला सुचेना.

मी सिनेमा करतो आणि सिनेमा शिकवतो. निर्माता मिळेल तेव्हा सिनेमा, एरवी सातारा-सांगलीच्या कॉलेजांतून पाच-पाच दिवसांच्या कार्यशाळा. मिरजेतली ती दुपार अशाच एका कार्यशाळेतली. दोन चित्रपटांच्या मधे वर्षं जातात आणि त्या वर्षांत घर शिकवण्यावर चालतं. पण पोटासाठी करावं लागणारं दुय्यम काम म्हणून मी त्याच्याकडं कधी पाहिलं नाही. सुमित्रा भावे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत होत्या, चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी १९८५ मध्ये 'बाई' हा पहिला लघुपट केला, आणि सुनील सुकथनकरांसोबत केलेल्या 'कासव'ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं. त्यांच्या कामात शिक्षिका कुठं संपते आणि दिग्दर्शिका कुठं सुरू होते, ते दाखवता येणार नाही.

कार्यशाळेला येणारी मुलं पहिल्या दिवशी कॅमेऱ्याचंच विचारतात. कुठली लेन्स, किती के. मी पहिले दोन दिवस कॅमेरा बॅगेबाहेर काढत नाही. रेकॉर्डर, हेडफोन, बूम, आणि वाऱ्यासाठी माइकवर चढवायचं ते केसाळ कव्हर, एवढंच सामान. काम एकच: जागा निवडा, गप्प उभे राहा, त्या जागेचा एक मिनिट आवाज घेऊन या. आमच्या धंद्यात याला रूम टोन म्हणतात. संकलनात दोन वाक्यांच्या मधे नुसती शांतता टाकली तर पडद्यावर खड्डा पडल्यासारखं होतं, तिथं त्याच खोलीची शांतता लागते. माणमधल्या माळाची शांतता वेगळी आणि वाळव्यातल्या उसाच्या फडाची वेगळी. फडाला पानांची सळसळ असते. माळाला जवळजवळ काहीच नसतं, आणि ते 'काहीच नाही' रेकॉर्ड करणं सगळ्यांत अवघड.

मग त्यांना उमेश कुलकर्णींची 'गिरणी' दाखवतो. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी केलेला हा लघुपट. घरात पिठाची गिरणी येते आणि एका पोराचं लहानपण त्या घरघरीखाली दबून जातं. मुलांना म्हणतो, आता डोळे मिटून पुन्हा पाहा.

एवढा आवाजाचा आग्रह का, त्याचं कारण वाईत आहे. वाई-मेणवलीचा घाट देशभर लोकांनी पाहिलाय, फक्त तो वाईचा आहे हे फार थोड्यांना ठाऊक. 'गंगाजल'मध्ये (२००३) वाई बिहार झाली. 'स्वदेस'मध्ये (२००४) मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाली, 'दबंग'मध्ये (२०१०) वाई पुन्हा उत्तरेत गेली आणि 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये (२०१३) थेट तमिळनाडूत. यात कुणाचा अपराध नाही. गावाला चार पैसे मिळाले, लॉजवाल्यांना, गाडीवाल्यांना, गर्दीत उभं राहणाऱ्यांना काम मिळालं. पण एक गोष्ट मी मुलांना त्याच घाटावर नेऊन सांगतो. कृष्णेचा घाट उसना देता येतो, घाटावर धुणं धुणाऱ्या बाईचं बोलणं उसनं देता येत नाही. म्हणून दरवेळी चित्र न्यायचं आणि आवाज इथंच सोडायचा.

हे आजचं नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानानं कैद्यांसाठी वसवलेली बिनभिंतीची वसाहत. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. कथा गदिमांची, म्हणजे त्याच तालुक्यातल्या माडगुळ्याच्या माणसाची. चित्रपट थोर आहे, बर्लिनपर्यंत गौरवला गेला. तरीही आटपाडीच्या माळावरची ती माणसं जगाला ऐकू गेली ती हिंदीतून. उलट २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी' ही मालिका सुरू झाली आणि साताऱ्याची बोली रोज रात्री मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत गेली, तेव्हा आमच्याकडच्या पोरांच्या चालण्यात फरक पडलेला मी पाहिलाय.

आता माझी चूक सांगतो. माझा पहिला लघुपट माण तालुक्यात केला. अकरा मिनिटांचा. मुख्य काम तिथल्याच एका आज्जींचं, सत्तरी उलटलेली बाई, कधी कॅमेरा न पाहिलेली. पैसे कमी होते, म्हणून आवाज नीट घेतलाच नाही. कॅमेऱ्यावरच्या माइकवर जे येईल ते, नुसतं डबिंगच्या आधारासाठी. पुण्यात एका चांगल्या अभिनेत्रीनं त्यांचं डबिंग केलं. ओठ बरोबर जुळले. पुरस्कारही मिळाला.

मग गावात, देवळापुढं पडदा बांधून दाखवला. आज्जी पुढंच बसल्या होत्या. संपल्यावर मी पायाशी जाऊन बसलो आणि विचारलं, कसा वाटला? बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चांगलाय की लेकरा. पर त्वांड माझं, बोलतीया दुसरीच."

मूळ कॅसेट शोधली. पुढच्या कामासाठी तिच्यावर दुसरं चित्रीकरण करून बसलो होतो. आज्जी पुढच्याच उन्हाळ्यात गेल्या. त्यांचा चेहरा माझ्याकडं अकरा मिनिटं आहे, आवाज एक सेकंदही नाही. त्यानंतर मी डबिंग केलेलं नाही. प्रत्येक चित्रपटात आवाज जागेवरच घेतला. त्यासाठी चित्रीकरणाचे दिवस कमी करावे लागले तर केले, मोठा कॅमेरा सोडावा लागला तर सोडला.

मिरजेत बूम धरलेल्या त्या मुलीनं पाचव्या दिवशी सहा मिनिटांची फिल्म दाखवली. तिच्या आईवर, हळद पॉलिश करायच्या पिंपावर काम करणारी बाई. पिंपाच्या गडगडाटात आईचं बोलणं निम्मं बुडतं. वर्गातला एकजण म्हणाला, डबिंग करून घे, स्वच्छ येईल. ती म्हणाली, "ती अशीच बोलते. मोठ्यांदा. कामावरच तसं बोलायची सवय लागलीय तिला." त्या वाक्यासाठी मी पुढच्या वर्षीही सांगलीला जाणार आहे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात शूटिंगचं युनिट येईल. या पट्ट्यात ते येतच असतं. वाडा द्या, घाट द्या, गर्दीला माणसं द्या. पण घरातल्या कुणाला बोलायचं काम मिळालं तर आधी एवढं विचारून घ्या: आवाज तिचाच ठेवणार ना?