एक्स्प्लेनर : स्वतःच्या मेल सर्व्हरवर स्पॅम कसा रोखायचा?

बुलढाणा : शेगावचे महाविद्यालय असो, खामगावचा कापूस व्यापारी असो की चिखलीची पतसंस्था, मेल सर्व्हर स्वतःचा असेल तर स्पॅम रोखण्याची जबाबदारीही स्वतःचीच. चाळणी सैल राहिली तर बनावट बिल आत येते, जास्त घट्ट झाली तर खऱ्या ग्राहकाची ऑर्डर अडकते. मग मार्ग काय?

स्पॅम ओळखतात कसा?
स्पॅमअसॅसिन हे मोफत सॉफ्टवेअर २००१ पासून वापरात आहे. मेलमध्ये संशयास्पद खूण दिसली की ते गुण वाढवते. मूळ सेटिंगनुसार ५ गुण झाले की मेलवर स्पॅमचा शिक्का बसतो. मात्र ते मेल डिलीट करत नाही. शिक्का बसलेला मेल स्पॅम फोल्डरमध्ये टाकण्याची सोय सर्व्हरवर वेगळी करावी लागते.

मराठी मेलचे काय?
शब्दांवर आधारलेले तयार नियम मुख्यतः इंग्रजीसाठी आहेत. त्यामुळे 'बेझियन' पद्धतीने चाळणीला शिकवावे लागते. मूळ सेटिंगमध्ये किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय ही पद्धत सुरूच होत नाही. चांगल्या मेलमध्ये संस्थेचा रोजचा मराठी पत्रव्यवहार हवाच.

पाठवणारा खरा आहे का?
एसपीएफ नोंदीवरून कोणत्या सर्व्हरला मेल पाठवण्याची परवानगी आहे ते कळते, तर डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही. आपल्या डोमेनलाही दोन्ही लावून घ्यावेत. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून याबाबतचे नियम कडक केले आहेत.

सुरुवातीचे काही आठवडे स्पॅम फोल्डर रोज तपासावे. चुकून अडकलेला मेल 'चांगला' म्हणून पुन्हा शिकवावा. चाळणी त्यातूनच सुधारते.