घरातला नॅस शांत का हवा? एसएसडीवर स्वतःचं स्टोरेज उभं करायची पूर्ण माहिती

मोबाइलवर 'स्टोरेज फुल' असा मेसेज आला की तुम्ही काय करता? आमचे बाबा सगळ्यात मोठी फाइल शोधतात आणि उडवून टाकतात. आता मोबाइलमध्ये सगळ्यात मोठी फाइल म्हणजे व्हिडिओच असणार. असाच एक अकरा मिनिटांचा व्हिडिओ उडाला. त्यात आजी कटाच्या आमटीत काय काय घालायचं ते सांगत होती. आजी जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. गुड मॉर्निंगचे फोटो मात्र सगळे जागच्या जागी होते!

गंमत म्हणजे तेव्हा आमच्या घरात नॅस होता. मीच बसवला होता. तरी तो व्हिडिओ वाचला नाही, आणि त्याचं कारण होतं आवाज. कसं ते सांगतो.

नॅस म्हणजे नक्की काय?

नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. सोप्या भाषेत, घरच्या राउटरला जोडलेली डिस्क. घरातले सगळे मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही तिच्यावरच्या फाइल्स वापरू शकतात. गुगल फोटोजमध्ये अमर्याद फोटो फुकट ठेवायची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता फुकटात १५ जीबी मिळतात आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह सगळं बसवायचं. त्यामुळे एकतर दर महिन्याला पैसे भरा, नाहीतर घरी जागा करा.

मी जुन्या डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क काढून नॅस केला आणि हॉलमध्ये टीव्हीच्या प्लायवूडच्या युनिटवर ठेवला. आमचा वन बीएचके, आई-बाबा हॉलमध्येच झोपतात. दिवसा काही जाणवायचं नाही, पण रात्री पंख्याच्या आवाजाखाली एक घरघर आणि मध्येच कुरकुर. पहिल्या रात्री आईला वाटलं, उंदीर शिरलाय. दुसऱ्या आठवड्यापासून ती झोपताना नॅसचं बटण बंद करायला लागली. आणि फोटोंचा बॅकअप मी लावला होता रात्रीचाच, फोन चार्जिंगला असताना! म्हणजे नॅस होता, बॅकअप सेट होता, पण चालत कधीच नव्हता.

म्हणून पहिला धडा: घरातला नॅस शांत असणं ही चैन नाही. आवाज करणारी वस्तू घरचे बंद करणारच.

हार्ड डिस्क आवाज का करते?

हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. ती घरघर. त्यांच्यावरून वाचणारा हात पुढे-मागे हलतो, ती कुरकुर. वर प्लायवूडचं पोकळ युनिट हा आवाज मोठा करतं, तबल्यासारखं.

एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो. डेटा फ्लॅश चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात साठतो, त्यामुळे आवाज शून्य. पण नॅसच्या डब्यात पंखा असेल तर तो वाजणारच. म्हणून एसएसडीसोबत बिनपंख्याचा, थंड राहणारा कॉम्प्युटर हवा.

काय काय घ्यायचं?

१. रास्पबेरी पाय ४, २ जीबी रॅमवाला. घरगुती फाइल्ससाठी पुरतो. पाय ५ वेगवान आहे, पण जास्त तापतो आणि बहुतेक वेळा पंखा लावावा लागतो.

२. पूर्ण ॲल्युमिनियमची केस. तीच उष्णता बाहेर टाकते. पायचं तापमान ८० अंशांवर गेलं की तो स्वतःचा वेग कमी करतो. त्यामुळे तो बंद कपाटात ठेवू नका.

३. १ टीबीची साधी २.५ इंची साटा एसएसडी आणि यूएसबी ३ चा साटा अडॅप्टर. पायच्या निळ्या पोर्टमध्येच लावा. काळे पोर्ट यूएसबी २ चे आहेत.

४. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चांगला पॉवर सप्लाय. इथे कंजुसी नको. मी आधी घरात पडलेला मोबाइल चार्जर लावला होता. मोठी फाइल टाकली की व्होल्टेज पडायचं आणि डिस्क गायब. दोन दिवस मी सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसलो!

५. ३२ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड आणि राउटरपर्यंत पुरेल अशी लॅन केबल.

महागडी एनव्हीएमई एसएसडी का नको?

कारण अडथळा डिस्कचा नाही, नेटवर्कचा आहे. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास देते. पायचा लॅन पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ एमबी आणि प्रत्यक्षात ११० च्या आसपास. म्हणजे साधी एसएसडीसुद्धा नेटवर्कच्या चौपट वेगवान आहे.

त्यापेक्षा राउटर तपासा. स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट अजूनही १०० एमबीपीएसचे असतात. तिथे सेकंदाला ११ एमबीच मिळतात. ५० जीबीचे लग्नाचे व्हिडिओ गिगाबिटवर सात-आठ मिनिटांत जातील, १०० एमबीपीएसवर सव्वा तास लागेल.

आणि वीज? पाय आणि एसएसडी मिळून सरासरी ५ वॅट धरा. चोवीस तास चालू ठेवलं तरी महिन्याला ३.६ युनिट होतात.

आता सेटअप करू

पहिली पायरी: लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर डाउनलोड करून मायक्रोएसडीवर रास्पबेरी पाय ओएसची 'लाइट' आवृत्ती टाका. लाइटच हवी, डेस्कटॉपवाली नाही. इमेजरमध्येच युजरनेम, पासवर्ड द्या आणि एसएसएच चालू करा.

दुसरी पायरी: कार्ड लावून, लॅन केबल जोडून पाय चालू करा. राउटरच्या पानावर त्याचा आयपी पत्ता दिसेल. तिथेच 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून तो कायमचा करा, नाहीतर पत्ता बदलला की सगळ्यांचे फोन नॅस शोधत बसतील.

तिसरी पायरी: एसएसएचने लॉगिन करून ओपनमीडियाव्हॉल्ट इन्स्टॉल करा. हे फुकट, ओपन सोर्स नॅस सॉफ्टवेअर डेबियनवर चालतं. पायसाठीची इन्स्टॉल स्क्रिप्ट गिटहबवर आहे. साधारण अर्धा तास लागतो, तोवर चहा करून घ्या.

चौथी पायरी: ब्राउझरमध्ये पायचा आयपी टाका. युजर 'ॲडमिन', पासवर्ड 'ओपनमीडियाव्हॉल्ट', दोन्ही इंग्रजीत, लहान अक्षरांत आणि सलग. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे हा पासवर्ड बदला. तो जगभर सगळ्यांना माहीत आहे.

पाचवी पायरी: स्टोरेजमध्ये जाऊन फाइल सिस्टिम्स उघडा आणि एसएसडीवर 'ईएक्सटी४' तयार करून माउंट करा. यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. मग शेअर्ड फोल्डर बनवा. आमच्याकडे एक 'घर' आणि प्रत्येकाच्या नावाचा एकेक फोल्डर आहे.

सहावी पायरी: प्रत्येकासाठी वेगळा युजर करा, कोणाला कुठला फोल्डर दिसेल ते ठरवा आणि सर्व्हिसेसमध्ये एसएमबी चालू करून फोल्डर शेअर करा. प्रत्येक बदलानंतर वर पिवळी पट्टी येते, तिथे 'अप्लाय' केल्याशिवाय काहीच लागू होत नाही. पहिल्यांदा करणारे इथे अडकू शकतात, मीही अडकलो होतो.

मोबाइल कसा जोडायचा?

अँड्रॉइडवर मी फोल्डरसिंक वापरतो, आयफोनवर फोटोसिंक चालतं. कॅमेऱ्याचा फोल्डर निवडा, नॅसचा पत्ता द्या, 'फक्त वायफाय' आणि 'फक्त चार्जिंग'वर टिक करा. सिनेमे बघायला व्हीएलसी ॲपमधून थेट नॅस उघडता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग. सिंक एकतर्फी ठेवा, मोबाइलकडून नॅसकडे. आणि 'डिलीट सिंक करा' हा पर्याय बंद. तो चालू राहिला तर बाबांनी मोबाइलवरून उडवलेला व्हिडिओ नॅसवरूनही उडेल. सिंक आणि बॅकअप यांत हाच फरक आहे.

एसएसडी किती टिकते?

एसएसडीवर किती डेटा लिहिता येईल याची हमी टीबीडब्ल्यूमध्ये देतात. १ टीबीच्या चांगल्या डिस्कवर हा आकडा ६०० पर्यंत असतो. रोज २० जीबी लिहिले तरी वर्षाला ७.३ टीबी होतात, म्हणजे हिशोबाने ऐंशी वर्षं. लिहून लिहून ती झिजेल ही भीती सोडा.

खरी भीती वेगळी आहे. हार्ड डिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा टकटक करून सांगते. एसएसडी मात्र एका सकाळी दिसेनाशी होऊ शकते. आणि डिलीट झालेल्या जागा ती स्वतःच साफ करत असल्यामुळे उडालेली फाइल परत मिळणं जवळपास अशक्य असतं.

म्हणून नॅसची दुसरी प्रत हवीच. आमची ती कुरकुरणारी हार्ड डिस्क मी फेकली नाही. रविवारी दुपारी एक तास नॅसला लावतो, कॉपी करतो आणि काढून कपाटात ठेवतो. कपाटात ठेवायला तीच बरी. एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिली तर तिच्यातला भार हळूहळू गळतो. शिवाय आजीच्या फोल्डरची एक प्रत आत्याच्या घरी आहे, म्हणजे आमच्या घरात काही झालं तरी ती राहील.

वीज गेली तर?

ईएक्सटी४ मध्ये जर्नल असतं, त्यामुळे फाइल सिस्टिम सहसा वाचते, पण त्या क्षणी अर्धी लिहिलेली फाइल जाऊ शकते. घरात इन्व्हर्टर असेल तर नॅस आणि राउटर दोन्ही त्यावर घ्या. राउटरचा छोटा यूपीएस वापरणार असाल तर तो ५ व्होल्टला ३ अँपिअर देतो का ते आधी बघा.

एक गोष्ट अजिबात करू नका

बाहेरून फोटो दिसावेत म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून एसएमबी इंटरनेटवर उघडू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय रॅन्समवेअर विंडोजच्या एसएमबीमधल्या एका त्रुटीतूनच जगभर पसरलं होतं. बाहेरून बघायचंच असेल तर टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क वापरा. भारतातल्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, तिथेही ते चालतं.

शेवटची पायरी

सगळं झालं की एक चाचणी घ्या. मोबाइलवर एक टाकाऊ व्हिडिओ काढा, रात्रभर थांबा आणि सकाळी तो मोबाइलवरून उडवा. मग नॅसवरून परत आणा. आणता आला तरच तुमचा बॅकअप चालू आहे असं समजा. मी ही चाचणी पहिल्या आठवड्यात घेतली असती तर बंद बटण मला तेव्हाच कळलं असतं.

आजीचा पूर्ण व्हिडिओ काही मिळाला नाही. बाबांनी आत्याला पाठवलेला दीड मिनिटाचा अंधुक तुकडा तेवढा सापडला. त्यात आजी 'गूळ शेवटी' एवढं म्हणते आणि व्हिडिओ संपतो. तो आता नॅसवर आहे. नवा नॅस टीव्हीच्या युनिटवर त्याच जागी आहे, हिरवा दिवा लागलेला, आणि आई त्याला हातही लावत नाही. परवा मी विचारलं तर म्हणाली, "तो अजून चालू आहे होय? मला वाटलं, तू काढून टाकलास."