चार-चार सेंटिमीटरवरच्या खुणा

मनगटाच्या बाहेरच्या हाडापाशी निळ्या पेनाची पहिली खूण. तिथून फूटपट्टीने मोजून चार सेंटिमीटर वर दुसरी, मग तिसरी, अशा पार काखेजवळपर्यंत. दोन्ही हातांवर. फिजिओथेरपिस्ट मुलगी प्रत्येक खुणेवर टेप गुंडाळते, ओढत नाही, कातडीला नुसता टेकवते आणि आकडा मोठ्याने सांगते. वहीत लिहायचं काम माझ्याकडे आहे. कोपराखाली उजवा हात 24, डावा साडेएकोणतीस.

"साडेपाचाचा फरक," मामी स्वतःच वजाबाकी करते आणि भिंतीकडे बघते.

मामी सांगली जिल्ह्यातल्या गावची. तीन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, केमो झाली, मग रेडिएशनचे शेक. शेवटचा शेक झाला त्या दिवशी मामांनी वाटेतच पेढे घेतले. घरादाराने मनात त्या दुखण्यावर पडदा टाकला. पुढे दीड वर्षाने, श्रावणात, कासाराने डाव्या हातात दोन-चारची बांगडी चढवायला घेतली तर ती पंजाच्या हाडावरच अडली. उजव्या हातात तेच माप सहज गेलं. मामीने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही. तिला वाटलं, तोच आजार परत आला.

उपचारांनंतर हाताला अशी सूज येऊ शकते, हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे. जिथे उपचार झाले तिथून घरी येताना कागद मिळाला तो गोळ्यांचा आणि पुढच्या तपासणीच्या तारखांचा. हाताबद्दल एकच वाक्य कानावर पडलं होतं, 'ओझं उचलू नका.' मामीने ते इतकं मनावर घेतलं की डाव्या हाताने कळशी सोडाच, तांब्याही उचलेना. खांदा आखडला. सूज दिसू लागल्यावर कुणी तेल लावून हात जोरात चोळून दिला, कुणी क्रेप बँडेज कोपराभोवती करकचून बांधलं. बोटं टम्म फुगली. मग मी दोघांना पुण्याला आणलं.

आपल्याकडच्या बायकांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच. बऱ्याच जणींचा तो उशिरा सापडतो, काखेपर्यंत पोचलेला असतो, आणि मग तिथल्या गाठी बऱ्याच संख्येने काढाव्या लागतात. जिथे वाटेवरच्या पहिल्या एक-दोन पहारेकरी गाठी तपासून भागतं तिथे हाताच्या सुजेचा धोका पुष्कळ कमी. ऑपरेशनला शेकांची जोड मिळाली की तो वाढतो. सूज काही महिन्यांत येऊ शकते, काही वर्षांनीही. कॅन्सर परतलाय का, हे डॉक्टरांनी आधी तपासून घ्यावंच लागतं. मामीचं ते झालं, अहवाल स्वच्छ आला, आणि मगच या खोलीचं दार उघडलं.

पहिल्या दिवशी थेरपिस्टने मामांना समजावायला कागदावर चित्र काढलं. रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी आणि प्रथिनं सतत बाहेर पाझरतात. ते गोळा करून परत नेणाऱ्या बारीक नळ्या म्हणजे लसिकावाहिन्या. काखेतल्या गाठी म्हणजे त्या नळ्यांच्या वाटेवरच्या गाळण्या. त्या काढल्या, वर शेकांनी आजूबाजूची जागा कडक झाली, की हातातलं पाणी हातातच साठतं.

मामा बराच वेळ चित्राकडे बघत होते. "म्हंजी रान चिबाडलं म्हना की."

थेरपिस्टला शब्द कळला नाही. मी सांगितलं. कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी पाणी तुंबून अशा चिबड झाल्या आहेत, मामांचाही एक तुकडा तसाच गेलाय. पाणी साचून राहिलं की मातीचा पोतच बिघडतो. हाताचंही तसंच होतं: सुरुवातीला बोटाने दाबलं की खळगा पडतो, हात वर धरला की सूज ओसरते, पण दुर्लक्ष झालं तर आतला मऊपणा जाऊन कडक तंतू तयार होतात आणि मग ती सहजी हलत नाही. मामीचा हात अजून दबत होता. थेरपिस्टने हे दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा मामीचा हात हातात घेऊन.

पुढचे दोन आठवडे रोज सकाळी दहाला आम्ही तिथे.

आधी हाताने निचरा. मामी पाठीवर झोपते, थेरपिस्ट मानेपासून सुरू करते. मग उजवी काख, मग छातीवरून आडवं. सुजलेल्या हाताला अर्धा तास तरी ती शिवतच नाही. मामांनी कारण विचारलं नाही. "आदी म्होरलं तोंड मोकळं कराय पायजे," एवढंच ते स्टुलावरून म्हणाले. चर खणणाऱ्याला हे उमगतं. तेल नाही, चोळणं नाही, दाब इतका हलका की फक्त कातडी किंचित सरकावी. या नळ्या कातडीखाली अगदी वरवर असतात, जोर लावला तर त्यांच्या कामात अडथळा येऊ शकतो. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्याने 1930च्या दशकात फ्रान्समध्ये ही पद्धत बसवली. बघताना वाटतं, एवढ्याने काय होणार? माझं मत असं झालं की सूज उतरवण्याचा मोठा वाटा बँडेजचा आहे. पण या चाळीस मिनिटांत दुसरं काही घडत होतं. तीन वर्षांत त्या बाजूला इतक्या हळुवार कुणी हात लावला नव्हता. चौथ्या दिवशी छताकडे बघत मामी बोलायला लागली. तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर झोप लागत नाही. सगळे म्हणतात, आता बरी झालीस. "मग मी भ्यायचं कुणाजवळ, बाई?" थेरपिस्टने हात न थांबवता सांगितलं, "इथे भ्या, काकू." मामा उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने डोळे पुसून परत आले आणि स्टूल जवळ ओढून बसले.

मग बँडेज. आधी सुती नळीसारखी बाही, मग प्रत्येक बोटाला वेगळी अरुंद पट्टी, मग कापसाचा मऊ थर, कोपराच्या खळग्यात फोमचा तुकडा. त्यावर कमी ताणाची बँडेजेस, सहा, आठ आणि दहा सेंटिमीटर रुंदीची. ही क्रेपसारखी लवचीक नसतात, आणि सगळा फरक तिथेच आहे. हात हलला, स्नायू फुगला, की बँडेज भिंतीसारखं उभं राहतं आणि दोघांच्या मधलं पाणी वर ढकललं जातं. हात स्वस्थ असताना ते फार आवळत नाही. क्रेप स्नायूबरोबर ताणतं आणि झोपेतही आवळत राहतं. दाब बोटांकडे जास्त, खांद्याकडे कमी होत गेला पाहिजे. हे उलटं झालं की काय होतं ते मामीच्या बोटांनी आधीच सोसलं होतं.

सहाव्या दिवसापासून बँडेज मामा बांधू लागले. ते गावात फेटा बांधून देणारे, लग्नाच्या दिवशी त्यांच्यापुढे रांग लागते. पहिल्या प्रयत्नात पीळ सुंदर बसला आणि दहा मिनिटांत मामीची बोटं निळसर झाली. थेरपिस्टने सगळं सोडवलं. "काका, फेटा डोक्यावर टिकवायचा असतो. इथे खाली हात हलतो आहे. ओढू नका, गुंडाळा." मामांनी त्या दिवशी चार वेळा बांधलं, चार वेळा सोडलं. चौथ्या खेपेला थेरपिस्टने मामीला विचारलं, "मुंग्या येतात?" मामी म्हणाली, "न्हाई. आता बरं वाटतंय." मामांच्या कपाळावर घाम होता.

बँडेज घालूनच व्यायाम: मूठ उघडायची-मिटायची, कोपर वाकवायचा, भिंतीवर बोटं चालवत खांदा वर न्यायचा. मग थेरपिस्टने अर्ध्या किलोचं डंबेल मामीच्या डाव्या हातात दिलं. मामीने ते खाली ठेवलं. ओझं नको म्हणाले होते ना! तेव्हा कळलं की हा जुना सल्ला कधीच मागे पडला आहे. कॅथरिन श्मिट्झ यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात अशा सुजेच्या 141 बायका होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींनी वर्षभर, सुरुवातीला देखरेखीखाली, अगदी हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला. त्यांच्या हाताची सूज वाढली नाही, उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. तो निबंध 2009 साली प्रसिद्ध झाला. मामीला 'ओझं उचलू नका' हा सल्ला त्यानंतर कितीतरी वर्षांनी मिळाला होता. तिच्या दंडात जोर राहिला नव्हता, आणि तो त्या एका वाक्याने गेला होता.

दोन आठवड्यांनी फरक साडेपाचावरून अडीचवर आला. मग मापाची दाबाची बाही मागवली. ती सकाळी उठल्याबरोबर चढवायची आणि रात्री काढायची. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो, नवी घ्यावी लागते, आणि शेतकऱ्याच्या घरात हा खर्च मोठा आहे. बँडेजही रोज धुवायची, सावलीत वाळवायची, घट्ट गुंडाळून ठेवायची. धुतल्याने त्यांचा गेलेला ताण परत येतो. शेवटच्या दिवशी थेरपिस्टने मामीला एकच गोष्ट तीनदा म्हणायला लावली. काटा रुतला, कापलं, भाजलं आणि हात लाल, गरम झाला, अंगात कणकण आली, तर उद्यावर टाकायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तुंबलेल्या हातात जंतू फार लवकर पसरतात. शेतात जाताना हातमोजा घालायचा आणि रात्री कातडीला मलम लावायचं, हे मामांनी लक्षात ठेवलं.

आता मापं मामा घेतात. दूध डेअरीच्या वहीत पुढून लिटर आणि फॅट असतात, मागून मामीचा हात. दर रविवारी रात्री फोन येतो आणि मामा आकडे वाचतात. डाव्या हाताने मामी आता भाकरी थापते, बाही काढून, पंधरा मिनिटांत उरकून परत चढवते. दोन किलोपर्यंत वजन उचलते.

मे महिन्यात ऊन तापलं आणि कोपराखालचं माप एक सेंटिमीटरने वाढलं. मामांनी फोनवर ते दोनदा वाचलं. मी थेरपिस्टला विचारलं. उन्हाळ्यात असं होतं म्हणाली, आठवडाभर रात्री पुन्हा बँडेज बांधा. मामांनी पेटीतून गुंडाळ्या काढल्या. गुरुवारी सहज फोन केला तर मामीने उचलला आणि हळूच म्हणाली, "जरा थांब, बांधाय लागल्यात. मधी बोललं की त्येंचा थर चुकतुया."