ज्वारीची बॉडी लँग्वेज

भाकरीचा डबा उघडायला ऑफिसात लाज वाटायची, ते दिवस गेले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि ज्वारी एकदम ‘ग्लूटेन-फ्री’ सेलिब्रिटी झाली. हिवाळ्यात वीकएंडला हुरडा पार्टी तर मस्टच! पण मॅडमचा खरा फिटनेस फंडा बघायचाय? मग चला गंगाखेडला. जनाबाईंचं गाव, शेजारून गोदावरी आणि भोवताली काळी जमीन.

रब्बी ज्वारी पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे पाऊस निरोप घेत असताना. कोरडवाहू शेतात पुढचे चार महिने तिला मातीत मुरलेल्या ओलीवरच काढायचे असतात. तरी ती तगते, कारण तिचा बांधाच तसा आहे.

झुपकेदार मुळं ओल शोधत ५ फुटांपर्यंत, कधी त्याहून खोल उतरतात. धाटावर पांढुरकी मेणचट पूड असते. बोटाने पुसा, निघून येते. हा तिचा रेनकोट, फक्त उलटा: आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. पानाच्या वरच्या बाजूला फुगीर पेशींच्या ओळी असतात. पाणी कमी पडलं की त्या सैलावतात, पान सुरळीसारखं गुंडाळतं आणि ऊन कमी खातं.

सगळ्यात भारी डिझाइन मात्र पानाच्या शिरांभोवती. तिथे पेशींची दोन कडी असतात. बाहेरच्या पेशी हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून आत पोचवतात, आतल्या त्याची साखर करतात. आत वायूचा असा साठा होत असल्याने पानावरची छिद्रं सताड उघडी ठेवावी लागत नाहीत. पाणी वाचतं. गहू-तांदळाकडे ही सोय नाही. (उसाकडे आहे, तरी त्याची तहान आपण जाणतोच!)

पण सहन करण्यालाही मर्यादा असते. दाणे भरताना ओल अगदीच तुटली, तर ज्वारी स्वतःच्या खोडातली साखर कणसाकडे पाठवते. खोड अशक्त होतं, मातीतली बुरशी आत शिरते आणि उभं पीक बुडातून आडवं होतं. हा ‘खडखड्या’. दाणा हलका, कडबाही वाया. आणि कडबा ही काही उरलीसुरली वस्तू नव्हे. त्यावर घरची जनावरं जगतात. बुटकी, नुसत्या दाण्याची ज्वारी म्हणूनच इथे चालत नाही. १९७२ साली, ऐन दुष्काळात, परभणीला कृषी विद्यापीठ झालं. तिथल्या ‘परभणी मोती’सारख्या वाणात दाणा आणि कडबा दोन्ही मिळतात.

आता तुमच्या किचनमध्ये या. भाकरी थापताना चिरते ना? गव्हातलं ग्लूटेनचं चिवट जाळं ज्वारीत नसतंच. उकळत्या पाण्याने पिठातले स्टार्चचे कण फुगतात नि पीठ चिकट होतं. आई ‘आधी उकड काढ’ म्हणते, ते यासाठी.