बायपासनंतर पायाकडेही बघा

बायपास करून माणूस घरी आला की भेटायला येणारे सगळे छातीचेच विचारतात. आम्ही वस्तीत जातो तेव्हा आधी पाय दाखवायला सांगतो.

हृदयाच्या तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालायला दुसरी वाहिनी लागते. बहुतेक वेळा त्यासाठी घोट्यापासून मांडीपर्यंत आतल्या बाजूने जाणारी शीर काढतात. १९६७ मध्ये अमेरिकेत डॉ. रेने फावालोरो यांनी ही पद्धत रूढ केली. शीर काढली म्हणून पाय अधू होत नाही, कारण खोलवरच्या शिरा रक्त वर नेतात. पण सुरुवातीचे सहा-आठ आठवडे घोट्याला सूज येते, संध्याकाळी जास्त. शिरेलगतचा मज्जातंतू दुखावल्याने तिथे बधिरपणा, मुंग्याही येतात. त्या काही महिने राहू शकतात. एवढ्याने घाबरू नये. झोपताना पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवावेत. दारात पाय लोंबते सोडून तासन् तास बसू नये, थोडे थोडे चालावे.

धोका वेगळा ओळखायचा. टाके लाल, गरम झाले, पू किंवा घाण वास आला, ताप भरला तर त्याच दिवशी दाखवा. साखर असलेल्यांनी तर एक दिवसही थांबू नये. हळद, तेल, राख काहीही लावू नका (आजी रागावली तरी!). एकाच पायाची पोटरी फुगून दुखू लागली तर आत रक्ताची गाठ असू शकते. तिथे मालीश अजिबात नको. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. दम लागला तर लगेच १०८. पाय अचानक गार, पांढरा पडला, बोटे हलेनात, तर रक्तपुरवठा थांबला आहे. पाय वाचवायला साधारण सहा तासच हातात असतात, सकाळची वाट बघू नका. आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने बंद करू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झाले असेल, तर सुट्टीनंतरची दहा दिवसांची औषधे आणि तपासणी पॅकेजमध्येच धरलेली असते. त्याचे पैसे मागितले तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर १५५३८८ वर तक्रार करा. नाशकात शालिमारजवळचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय सरकारी आहे, तिथे हृदयरोगाचे डॉक्टर असतात. जाताना सुट्टीचा कागद बरोबर न्या. त्यावर कोणत्या पायाची शीर काढली तेही लिहिलेले आहे का, ते घरीच बघून घ्या.