बँकेवर दावा : आकडा किती लावायचा?

इंग्लंड-वेल्समध्ये साधारणपणे १०,००० पौंडांपर्यंतचे दावे काउंटी कोर्टाच्या ‘स्मॉल क्लेम्स’ विभागात चालतात. आधी स्टेटमेंट पुढ्यात घेऊन चुकीने कापलेली प्रत्येक रक्कम तारखेसह लिहून काढा. सहा वर्षांपेक्षा जुनी वजावट बहुधा मुदतबाह्य ठरते.

या मुद्दलावर १९८४च्या काउंटी कोर्ट्स कायद्याच्या कलम ६९खाली व्याज मागता येते. प्रचलित दर दरसाल ८ टक्के, तोही सरळव्याजाने: १,००० पौंडांवर वर्षाला ८० पौंड, दिवसाला सुमारे २२ पेनी. ते द्यायचे की नाही हे न्यायाधीश ठरवतात. पण दाव्यात मागणी केलेली असायलाच हवी.

मनस्तापापोटी भलामोठा आकडा घालू नका. कोर्ट फी व्याजासकट मागितलेल्या रकमेवर ठरते, आणि पुराव्याविना घातलेला एक आकडा बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही संशय आणतो.

ओव्हरड्राफ्टच्या दंडाबाबत विशेष जपून. तो अवाजवी आहे, एवढ्याच मुद्द्यावर दावा टिकणे अवघड: २५ नोव्हेंबर २००९ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाजूने निकाल दिला. हजारो सामान्य खातेदारांची आशा त्या दिवशी मावळली, याची खंत आजही वाटते.