उपग्रहाला दिसणारे सगळे हिरवे म्हणजे जंगल नव्हे

देशातले जंगल वाढले की घटले, याचे अधिकृत उत्तर डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था साधारण दर दोन वर्षांनी देते. उपग्रहचित्रांवर आधारलेला तिचा पहिला अहवाल १९८७ मध्ये निघाला. २०२३ च्या अहवालानुसार भारताचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के आहे. २०२१ च्या तुलनेत ते १५६ चौरस किलोमीटरने वाढले. या वाढीवर समाधान मानण्याआधी तिच्यात नेमके काय मोजले आहे, हे पाहायला हवे.

हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंतल्या फरकावरून उपग्रहाला झाडोरा ओळखता येतो. पावसाळ्यात ढग आड येतात, म्हणून त्यानंतरची निरभ्र चित्रे घेतात. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेत झाडांच्या छत्राने दहा टक्के जमीन झाकलेली दिसली, की ती वनाच्छादनात धरली जाते. मालकी कोणाची, झाड कोणते, हे विचारले जात नाही. व्याख्या अहवालातच छापलेली असते; लपवाछपवी कसलीच नाही. परिणाम मात्र गंभीर आहे. सिंधुदुर्गातल्या एखाद्या डोंगरउतारावरचे ऐन, किंजळ, बेहड्याचे खासगी रान तोडून तिथे काजू किंवा रबर लावला, तर काही वर्षांत तो उतार पुन्हा ‘वन’ ठरू शकतो. धनेशाला घरट्यासाठी लागणारी जुन्या झाडाची ढोली मात्र तिथे नसते. गेलेले रान आणि आलेली बाग यांची एकाच रकान्यात वजाबाकी झाली, की नुकसान हिशेबातून नाहीसे होते.

ब्राझीलने हिशेब वेगळ्या रीतीने मांडला. तिथली अंतराळ संशोधन संस्था १९८८ पासून ॲमेझॉनमधली मूळ जंगलाची तोड मोजते. एकदा तोडलेली जागा पुढे हिरवी झाली, तरी मूळ जंगलात परत धरत नाही. २००४ पासून ताज्या तोडीचे इशारेही वनरक्षक यंत्रणेकडे जाऊ लागले. त्या वर्षी सत्तावीस हजार चौरस किलोमीटरहून अधिक असलेली तोड २०१२ पर्यंत साडेचार हजारांच्या आसपास आली. राखीव क्षेत्रे, कर्जावरची बंधने आणि दंडही त्यामागे होते. पण दंड कुठे करायचा, हे नकाशानेच दाखवले.

यावर आक्षेप येतो की शेतकऱ्याची बागही सावली देते, कार्बन साठवते, घर चालवते. ती मोजायची नाही का? जरूर मोजावी, पण वेगळ्या रकान्यात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटनाही फळबागांना जंगल म्हणत नाही. दुसरा आक्षेप तांत्रिक आहे: सुमारे साडेतेवीस मीटरच्या ठिपक्यांनी बनलेल्या चित्रात आंबा आणि ऐन वेगळे कसे ओळखायचे? एकाच चित्रावरून ते अवघड आहे, हे खरे. पण युरोपचे सेंटिनेल उपग्रह दहा मीटरपर्यंतचा तपशील दर काही दिवसांनी विनामूल्य देतात. ऐन पानगळीचा, आंबा-काजू सदाहरित. रबराची बाग हिवाळ्याअखेर एकदमच पाने गाळते. वर्षभराच्या चित्रमालिकेत या लयी वेगवेगळ्या उमटतात. ढगांतून पाहणारे रडार आणि जागेवरची पडताळणी यांची जोड दिली, तर चूक आणखी कमी होते. शंभर टक्के अचूकता येणार नाही, पण सगळे एकत्र मोजण्यातली चूक याहून कितीतरी मोठी आहे.

म्हणून अहवालाच्या पहिल्याच पानावर तीन आकडे वेगवेगळे हवेत: टिकून असलेले नैसर्गिक जंगल, त्यातले गेलेले क्षेत्र आणि नव्या लागवडी. सोबत प्रत्येक गावाला आपली हद्द पाहता येईल असा खुला नकाशा हवा. तो मिळाला, तर ग्रामसभेला तोडीची तक्रार पुराव्यासह करता येईल, आणि निव्वळ बेरजेच्या आड कोणतेही रान गुपचूप जाणार नाही.